पहिलीतली मुलं ऐकत नाहीत: ॲप घ्यायचं की तळ्यात-मळ्यात खेळायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जिल्हा परिषदेची शाळा, पहिलीचा वर्ग, 38 मुलं, निम्मी जागेवर बसत नाहीत, सांगितलेलं अर्ध्यात विसरतात, दुसऱ्याच्या दप्तरात हात घालतात, आणि मुख्याध्यापकांना कुणीतरी ब्रेन ट्रेनिंगचं ॲप दाखवलंय की रोज 20 मिनिटं टॅबवर खेळवलं की मुलांची एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स सुधारतात, लोकवर्गणीतून पैसेही जमतील. ते घ्यावं का, आणि नाही घेतलं तर वर्गात नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

छोटं उत्तर आधी देते. ॲपवर पैसे घालू नका. लांब उत्तर खाली आहे आणि ते खरंच लांब होणार आहे, कारण बालवाडी, मग पहिली-दुसरी आणि आता अंगणवाडी ताईंचं प्रशिक्षण असं धरून मला यात 24 वर्षं झाली आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं तर मी चुकीचंच करत होते.

एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हटलं की काहीतरी भारी मेंदूविज्ञान वाटतं, पण तुम्ही रोज सकाळी ओट्यापाशी तेच करता. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी राहिलीय, हे डोक्यात धरून तुम्ही पोळ्या लाटता, ही झाली वर्किंग मेमरी. मधेच फोन वाजतो, हात तिकडे जातो, पण दूध वर आलंय म्हणून तुम्ही तो उचलत नाही, हे झालं स्वतःला आवरणं. आणि ऐन वेळी गॅस संपला की पोळ्यांचा नाद सोडून इंडक्शनवर पोहे टाकता, हे झालं बेत बदलता येणं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या ॲडेल डायमंड वगैरे जे लोक यात आयुष्यभर काम करतायत तेही साधारण हेच तीन भाग धरतात, पुढचं नियोजन, विचार करून उत्तर देणं वगैरे सगळं या तिघांवर उभं राहतं. आणि मेंदूचा जो पुढचा भाग हे सांभाळतो तो पूर्ण पिकायला पंचविशी येते. तीन ते सहा या वयात यात खूप झपाट्याने वाढ होते हे खरं, पण तरी सहा वर्षांचं पोर म्हणजे नुकतंच सायकल शिकायला लागलेलं पोर, मागून सीट धरणारं कुणीतरी लागतंच.

आणि शांत बसणं म्हणजे एक्झिक्युटिव्ह फंक्शन नाही. हे मी स्वतः ठेच लागून शिकले. सुरुवातीला मी भिंतीवर तक्ता लावला होता, हाताची घडी तोंडावर बोट करून बसेल त्याला स्टार. दोन महिने वर्ग छान दिसला, मुख्याध्यापक खूश, पालक खूश. मग एक दिवस मला मीटिंगला जावं लागलं आणि तासाभराने परत आले तर वर्गात नुसता धिंगाणा, खडूंचा चुरा, आणि सगळ्यात पुढे कोण, तर तक्त्यावर सगळ्यात जास्त स्टार असलेली दोन मुलं. तेव्हा लक्षात आलं की आवरत होते ते मी आणि तो स्टार. मुलांच्या आत काहीच तयार झालं नव्हतं. काही मुलं तर त्या दोन महिन्यांत नुसती घाबरून बसली होती आणि घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम राहत नाहीत, हे तुम्हीही बघितलं असेल, फळ्याजवळ उभं केलं की येणारं उत्तरही जातं.

आता ॲपचं. हे गेम्स खोटे असतात असं मी म्हणत नाही. मुलं त्या गेममध्ये खरंच हुशार होतात. अडचण अशी की ती हुशारी त्या गेममध्येच राहते. कॉगमेड नावाचा वर्किंग मेमरीचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम जगभर गाजला होता, तर ऑस्ट्रेलियात मेलबर्नकडे पहिलीतल्या कमी वर्किंग मेमरीच्या 452 मुलांवर त्याची नीट चाचणी घेतली, निम्म्यांना ट्रेनिंग, निम्म्यांचं नेहमीचं चालू. दोन वर्षांनी वाचन, स्पेलिंग, गणित यात काही फायदा दिसला नाही. हा अभ्यास 2016 मध्ये आला. वर त्या ट्रेनिंगसाठी मुलांना वर्गातून उठवून न्यावं लागायचं, म्हणजे तेवढा अभ्यासाचा वेळही गेला.

आणि आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर ॲबॅकस घ्या, आता तालुक्याच्या गावातसुद्धा गल्लीगल्लीत क्लास आहेत आणि पालकांना सांगतात की स्मरणशक्ती वाढेल, एकाग्रता वाढेल. वडोदऱ्यात 204 शाळकरी मुलांवर तीन वर्षं हा प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तसे गट पाडून, आणि त्याचाही निष्कर्ष 2016 मध्येच आला. मनातल्या मनात ॲबॅकस करणाऱ्या मुलांचं गणित खरंच सुधारलं, पण वर्किंग मेमरी वगैरे मूळ क्षमता होत्या तशाच राहिल्या. म्हणजे गणितासाठी ॲबॅकस घाला की खुशाल, पण मूल जागेवर बसावं म्हणून नको. मिडब्रेन ॲक्टिव्हेशन, डोळ्याला पट्टी बांधून वाचणं, याबद्दल तर बोलायलाच नको, ते सरळ थोतांड आहे, पट्टीखालून नाकाच्या बाजूने दिसतं, बाकी काही नाही.

मग काय करायचं. माझं म्हणणं असं आहे की यासाठी वेगळी तासिका नको. तुमचा वर्ग कुठे बिघडतो ते आठ दिवस नुसतं बघा. गोष्ट सांगताना बिघडत नाही, गाण्यात बिघडत नाही. बिघडतो तो सांध्यांवर. परिपाठ संपून वर्गात येताना, वही काढून पुस्तक ठेवताना, खिचडीआधी हात धुताना, सुट्टी संपताना, घरी जाताना. दिवसात असे आठ-दहा सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर मुलाला तीच तीन कामं पडतात, पुढचं काय ते लक्षात धर, मनात आलेलं आत्ता करू नको, चालू आहे ते सोडून नवीन धर. आणि नेमकी ही तिन्ही कामं तिथे आपण करतो, ओरडून. ए चल, रांगेत ये, वाटी घे, नळ बंद कर, पळू नको. मूल फक्त हुकूम पाळतं किंवा पाळत नाही. मग ते शिकणार कधी?

हात धुण्याचंच सांगते, कारण माझं सगळं शिक्षण त्या एका नळापाशी झालंय. शाळेला दोन नळ, त्यातला एक कायम टपकणारा, आणि 40 पोरं. खिचडीची घंटा झाली की ढकलाढकली, कुणाची चप्पल चिखलात, कुणी रडतंय, आणि मी मधे उभी राहून ट्रॅफिक पोलीस. अर्धा तास जायचा. मग एका उन्हाळी प्रशिक्षणात डोक्यात प्रकाश पडला (ते प्रशिक्षण इतर बाबतीत अगदी बोअर होतं) आणि जूनमध्ये मी चार गोष्टी केल्या. जमिनीवर गेरूने पावलं काढली, वर्गाच्या दारापासून नळापर्यंत, एका पावलाच्या जोडीवर एकच मूल. नळाच्या वर तीन चित्रं लावली, साबण, चोळणारे हात, बंद नळ. एक मूल रोज 'नळवाला', तोटी तोच उघडणार तोच बंद करणार, आणि यादी भिंतीवर, म्हणजे माझा नंबर कधी ते प्रत्येकाला दिसतं. चौथं म्हणजे रांगेतल्या मुलांना काहीतरी काम, कारण नुसतं थांबणं हे सहा वर्षांच्या मुलासाठी सगळ्यात अवघड काम आहे. तर रांगेत आम्ही पावसाचं गाणं म्हणायचो आणि ठरलेला एक शब्द आला की तो म्हणायचा नाही, त्या जागी फक्त टाळी. पुढच्या आठवड्यात दोन शब्द गाळायचे.

पहिले दहा दिवस पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक जणी चौथ्या दिवशी सोडून देतात. पहिल्यांदा तर मी रिकाम्या वर्गात पाणी न उघडता नुसती रंगीत तालीम घेतली होती, तीन वेळा. दिवाळीपर्यंत वेळ अर्ध्यावर आला. आणि मग जे करायचं ते खरं महत्त्वाचं, ते म्हणजे काढून घेणं. दिवाळीनंतर पावलं पुसट झाली तेव्हा मी ती परत काढली नाहीत. संक्रांतीनंतर चित्रांपैकी एक काढलं, मग दुसरं. जे मूल अडखळलं त्याला मी सांगायचे नाही, नुसतं विचारायचे, आता काय राहिलं? ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं, साबण, चोळ, बंद. ते पुटपुटणं बंद करू नका बरं का. आपल्याला वाटतं मूल बडबडतंय, पण रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कींनी हेच तर दाखवलं होतं की आधी मोठ्या माणसाचा आवाज, मग मुलाचा स्वतःशी मोठ्याने बोलण्याचा आवाज, मग तोच आवाज आत जातो आणि विचार होतो. गणित सोडवताना ओठ हलत असतील तर हलू द्या.

ही बाहेरची काठी देण्याची आणि मग काढून घेण्याची युक्ती मला फार पटलेली आहे. अमेरिकेत बोद्रोवा आणि लिऑंग या दोघींनी व्हिगॉट्स्कींच्या विचारांवर बालवाडीचा एक अख्खा कार्यक्रम बसवला, टूल्स ऑफ द माइंड नावाचा. त्यात जोडीने पुस्तक वाचताना एका मुलाच्या हातात ओठांचं चित्र आणि दुसऱ्याच्या हातात कानाचं चित्र देतात. कान ज्याच्याकडे तो बोलत नाही, ऐकतो. बस, एवढंच. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'तू ऐक' हे डोक्यात धरून ठेवता येत नाही पण हातात धरून ठेवता येतं. मी हे पुठ्ठ्यावर कान काढून केलं आणि गोष्टीच्या तासाला जी पोरं मधे मधे तोंड घालायची ती कानाचा पुठ्ठा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची, बघून हसू यायचं. त्या कार्यक्रमाचा न्यू जर्सीतल्या गरीब घरांतल्या 147 मुलांवरचा अभ्यास 2007 मध्ये सायन्स या संशोधन साप्ताहिकात आला आणि निकाल चांगले होते, विशेषतः अवघड चाचण्यांवर. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही, आणि 2014 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात परत दिसला, तोही जास्त गरिबी असलेल्या शाळांत जास्त. माझा अर्थ मी असा लावते की पॅकेट उघडून ओतण्यासारखं हे काम नाही, शिक्षिका रोज काय करते त्यावर सगळं आहे. म्हणून त्यातला कान घ्या, अख्खं पॅकेट नाही घेतलं तरी चालेल.

खेळांकडे येते. यासाठी बाहेरून काही आणायची गरजच नाही. तळ्यात-मळ्यात घ्या. रेघ मारायची, एक बाजू तळं, एक बाजू मळा, तळ्यात म्हटलं की आत उडी, मळ्यात म्हटलं की बाहेर. मूल मळ्यातच आहे आणि तुम्ही परत मळ्यात म्हणालात तर पाय उचलायचा नाही, तिथेच सगळी मजा आहे, निघालेला पाय मागे घेणं. अमेरिकेत मुलांचं स्वतःला आवरणं मोजायला एक चाचणी वापरतात, त्यात डोक्याला हात लाव म्हटलं की पायाची बोटं धरायची आणि बोटं म्हटलं की डोकं. म्हणजे आपलं उलटं तळ्यात-मळ्यातच की. तर पहिला आठवडा सरळ खेळा. सगळ्यांना जमलं की दुसऱ्या आठवड्यात उलटं, तळ्यात म्हटलं की मळ्यात जायचं. तेही जमायला लागलं की हातात दोन रुमाल घ्या, हिरवा वर असेल तर सरळ, लाल वर असेल तर उलटं, आणि मधेच रुमाल बदला. इथे सातवी-आठवीची पोरंही गडबडतात, मोठ्यांनाही घाम फुटतो, मी प्रशिक्षणात अंगणवाडी ताईंना खेळवते तेव्हा सगळ्यात जास्त हशा तिथेच होतो. चिमणी भुर्र, शिवाजी म्हणतो, स्टॅच्यू, सगळ्यांचं हेच. अवघड करत नेलं नाही तर उपयोग संपतो, हे मात्र नक्की, कारण जमलेलं काम करताना मेंदूचा तो भाग आरामच करतो.

एक मोठी चूक या खेळांत आपण सगळेच करतो. चुकला तो आउट. आता विचार करा, पहिल्या फेरीत कोण आउट होणार? ज्याला आवरता येत नाही तोच. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तो दोन मिनिटांत भिंतीला टेकून बसला, आणि ज्याला आधीच येतं त्याला शेवटपर्यंत सराव. मग भिंतीपाशी बसलेला तो काय करणार, शेजारच्याला चिमटे काढणार आणि परत ओरडा खाणार. आउट बंद करा. चुकला तर पाच वेळा बेडूकउड्या आणि परत आत, किंवा चुकला त्याने पुढचा हुकूम द्यायचा. हुकूम देणाऱ्याला तर नियम डोक्यात धरावाच लागतो.

शांततेचा खेळ पण करून बघा. मादाम मॉन्टेसरींचा हा, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरातही होता. खिडक्या जरा लोटून घ्यायच्या, मुलांनी डोळे मिटायचे, आणि तुम्ही वर्गाच्या मागे जाऊन एकेका मुलाचं नाव अगदी हळू, कुजबुजत घ्यायचं, ज्याचं नाव आलं त्याने पावलांचा आवाज न करता तुमच्यापाशी यायचं. पहिल्या दिवशी फसतो, कुणीतरी मांजरासारखा आवाज काढतो आणि सगळे खिदळतात. फसू द्या. आठवड्यातून दोनदा, तीन मिनिटं, जास्त नाही. माझ्या स्टारच्या तक्त्यात आणि यात फरक काय, तर तिथे शांतता माझ्यासाठी होती, इथे मुलाला स्वतःचं नाव ऐकायचंय म्हणून ते गप्प आहे.

सूचना देण्याबद्दल थोडं. परवा एका वर्गात मी मागे बसून लिहून घेतलं, बाई एका दमात म्हणाल्या, चला गणिताच्या वह्या काढा, काल राहिलेलं ज्यांचं झालं नाही त्यांनी ते आधी करा, बाकीच्यांनी पान 14 उघडा, पेन्सिलला टोक नसेल तर आत्ताच करून घ्या, आणि बाटल्या खाली ठेवा. मोजा, पाच सूचना, त्यात एक जर-तर. सहा वर्षांच्या मुलाकडे दोन राहतात, फार तर तीन, आणि बहुतेक वेळा शेवटची राहते, म्हणून सगळ्या वर्गाने बाटल्या खाली ठेवल्या आणि पोरं बाईंकडे बघत बसली. बाई म्हणाल्या बघा मॅडम, ऐकतच नाहीत! एका वेळी एक सांगा, हात दाखवून सांगा, फळ्यावर वहीचं चित्र काढा, आणि मग एखाद्या मुलाला विचारा की आता काय करायचंय ते तू सांग. जानेवारीपासून दोन-दोन सूचना जोडा. तोंडी गणितातही, 'आंब्याच्या झाडावर 7 पोपट, 3 उडाले, 2 आले' यात मूल वजाबाकीत चुकत नसतं, पहिले सात विसरलेलं असतं. त्याला बोटं, खडे, चिंचोके वापरू द्या.

भातुकली आणि दुकान-दुकान याला वेळ ठेवा, पहिली आहे म्हणून बंद करू नका. रशियात मानुइलेन्को नावाच्या संशोधिकेने 1948 मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली होती, लहान मुलांना नुसतं हलू नको, उभा राहा म्हटलं तर जेवढा वेळ उभी राहिली त्यापेक्षा खूप जास्त वेळ ती खेळात पहारेकरी झाली तेव्हा न हलता उभी राहिली. बसा म्हटलं की बसत नाही ते पोर कंडक्टर झालं की सगळ्यांची तिकिटं फाडेपर्यंत जागा सोडत नाही. फक्त एक करा, खेळ सुरू करण्याआधी विचारा, आज तू कोण, आणि आधी काय करणार? मुलाने सांगायचं किंवा पाटीवर चित्र काढायचं. आणि खेळाच्या मधे भांडण लागलं की निवाडा द्यायला धावू नका, पाटी दाखवा, तू तर भाजीवाला होतास ना? मग पैसे कोण घेणार? हे नियोजनाचं शिक्षण आहे आणि याला रुपया लागत नाही.

आता एक अवघड भाग, यात मुलांपेक्षा आपली परीक्षा आहे. मार्शमॅलोचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल, एक गोळी आत्ता खा नाहीतर थांबलास तर दोन, आणि जे थांबले ते पुढे यशस्वी झाले वगैरे, व्हॉट्सॲपवर दर महिन्याला फिरतो. 2018 मध्ये तो जास्त मुलांवर परत केला तेव्हा घरची परिस्थिती वगैरे धरल्यावर ते भाकीत बरंचसं विरघळलं. पण मला आवडतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला 2013 चा अभ्यास, फक्त 28 मुलं, तीन ते पाच वर्षांची. त्यांच्याकडे आधी एक मोठी व्यक्ती आली आणि म्हणाली, थांब, मी यापेक्षा छान रंग आणते. काही मुलांना तिने खरंच आणून दिले, काहींना परत येऊन सांगितलं सॉरी, नाहीयेत. मग गोळीचा प्रयोग. जिथे मोठ्यांनी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, जिथे मोडला होता ती 3 मिनिटं. चार वर्षांचं मूल बरोबर हिशोब करतंय, या बाईच्या थांब म्हणण्याला काही अर्थ नाही.

आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, आधी हे लिहा मग मैदानावर नेते, आणि मग वरून माहिती भरायचा फोन येतो, ऑनलाइन लिंक, तातडीने, आणि मैदान राहतं. ती आपली चूक नसते, मला माहितीय, पण मुलाच्या हिशोबात ती आपल्याच नावावर लागते. मी तेव्हापासून कमी कबूल करते. आणि मोडावं लागलंच तर घंटा व्हायच्या आत सांगते की आज नाही, उद्या प्रार्थनेनंतर लगेच, आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, पुसायचं नाही म्हणून चौकोन करते. ज्या मुलांच्या घरी काहीच ठरलेलं नसतं त्यांना त्या चौकोनाचं फार असतं, सकाळी आल्या आल्या आधी तिकडे बघतात.

यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक मुलगा आठवतो. दिवाळीनंतर जायचा, मार्च-एप्रिलला परत. वर्गात दोन मिनिटं लक्ष नाही, सगळ्या रकान्यांत लाल. आणि एकदा मी त्यांच्या पालावर गेले तर हा सात वर्षांचा पोरगा चार शेळ्या, एक दीड वर्षाची बहीण आणि चुलीवरचा भात असं तिन्ही एकटा सांभाळत होता, शेळी कुणाच्या उसात शिरायच्या आत तिला वळवत होता आणि परत येऊन भाताखालचं लाकूड मागे ओढत होता. आता सांगा, याच्याकडे वर्किंग मेमरी नाही? होतं सगळं, वर्गातल्या कामाला मात्र ते जोडलेलं नव्हतं, त्याला वर्गात काही राखायलाच नव्हतं. मी त्याला खडूपेटी आणि हजेरीचे चिंचोके मोजायचं काम दिलं, तिथून गाडी हळूहळू रुळावर आली, तीही अर्धवट, कारण दिवाळीत तो परत गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरकडे बोर्डीला आणि मग कोसबाडला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ते उगाच नाही.

झोप आणि भूक हे तर पहिल्यांदा बघा. राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवायला सांगितलं ते मुलांच्या झोपेसाठीच, पण रात्री 11 पर्यंत मोबाईल असेल तर त्याचाही उपयोग नाही. सोमवारी आल्यावर मी प्रत्येकाला विचारते, काय खाऊन आलास. अर्धी उत्तरं 'चहा' अशी असतात. अशा मुलांकडून परिपाठानंतर लगेच अवघड काम घेत नाही, खिचडीनंतर घेते. आणि वय बघा, एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचं अंतर असतं, सहाव्या वर्षी ते फार मोठं अंतर आहे. तुमच्या त्या 'निम्म्या' मुलांच्या जन्मतारखा हजेरीत एकदा तपासा, बरीचशी वर्गातली धाकटी निघतील असा माझा अंदाज आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असेल का. 38 मधे एखाद-दोघांना असूही शकतो, पण तो तुम्ही ठरवायचा नाही आणि मीही नाही, आणि पालकांना तो शब्द वापरूनही सांगू नका. तीन महिने वरचं करून बघा, वर्ग सुधारला आणि दोन मुलं तिथेच राहिली, घरी पण तसंच, तर वहीत तारीख घालून लिहा काय होतं, केव्हा होतं, किती वेळ. आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत तपासणीला येते तेव्हा ती वही दाखवा, ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. पण त्याही आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मी एका मुलीला वर्षभर 'लक्षच नसतं हिचं' म्हणत होते, प्रगतिपुस्तकात तसं लिहिलंही होतं. पावसाळ्यात तिचा उजवा कान वाहायला लागला तेव्हा तिच्या आजीने सहज सांगितलं की हा तर दोन वर्षांपासून फुटलाय, त्या बाजूने हिला कमीच येतं. ती माझ्या टेबलाच्या एका अंगाला, पहिल्या ओळीत बसायची आणि दिवसभर माझ्याकडे तिचा उजवाच कान असायचा. दुसऱ्या दिवशी मी तिची जागा बदलली.